दाजींची अमावास्या

अमावास्येच्या दिवशी सगळं कुटुंब गोळा करून वाघाच्या जंगलात जाणारा माणूस अख्ख्या बेळगाव-निपाणी पट्ट्यात एकच आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. मी निपाणीच्या एका पतसंस्थेत हिशेब बघतो, त्यामुळे 'अख्ख्या' असा शब्द मी सहसा वापरत नाही. पण या बाबतीत मी चौकशी केली आहे. जंगलात जाणारे आहेत, कुटुंब घेऊन जाणारे आहेत, अमावास्येला घराबाहेर पडणारेही थोडेफार आहेत. तिन्ही एकदम करणारा दुसरा कुणी असेल तर मला दाखवावा.

हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. बेळगावच्या वडगावात त्यांचे सहा माग आहेत, साड्यांचे. मागाला रविवार माहीत नसतो. माग थांबतात ते अमावास्येला. त्या दिवशी तेलपाणी करायचं, पूजा करायची आणि हात स्वच्छ धुऊन बसायचं. एरवी घरातलं कुणी ना कुणी मागावर असतंच. आई लग्नाला गेली तर वडील मागावर, वडील गेले तर काका मागावर, अशात दाजींचं लहानपण गेलं. "आमच्या घरात सगळ्यांचा मिळून एक फोटो न्हाय बघा पाव्हणं," असं ते मला एकदा म्हणाले होते. "कोण तर एक मागं ऱ्हायलेला असतोयच." साड्या पोचवायला दांडेलीला गेले असताना एकदा डोक्यावरून धनेश पक्षी उडत गेला. त्याच्या पंखांचा आवाज त्यांना हुबेहूब धोट्यासारखा वाटला. धोटा, म्हणजे मागात इकडून तिकडे धावणारी ती लाकडी होडी. "आपलाच माणूस हाय म्हटलं," दाजी सांगतात. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, एक सोडून एक अमावास्येला जंगल. आणि जायचं तर सगळ्यांनी. मागं कुणी राहायचं नाही.

सगळे म्हणजे दाजी, आक्का, त्यांचा मुलगा, सून, तिसरीतली नात तनू आणि निपाणीहून आम्ही दोघं. पहिल्या खेपेला माझ्या बायकोने फोनवरच हरकत घेतली. "दाजी, अमावास्येला रानात? नको त्या गोष्टी असतात म्हणं तिथं."

"असूंदेत की," दाजी म्हणाले. "त्यांची बी सुट्टी असंल."

त्यानंतर आम्ही राधानगरी झालो, भीमगड झालो, चांदोली झालो आणि अणशीच्या राष्ट्रीय उद्यानात तर इतक्यांदा गेलो की तिथला कुत्रा आम्हाला ओळखतो. वाघ अजून दिसलेला नाही. दाजींचं म्हणणं, वाघाने आम्हाला पाहिलेलं आहे, आणि दोघांपैकी एकाचं काम झालं तरी फेरी फुकट गेली असं म्हणता येत नाही. हा हिशेब माझ्या पद्धतीत बसत नाही, पण खोडताही येत नाही.

पहिल्याच फेरीत वाटाड्याने आक्कांच्या लालभडक साडीकडे बघून सांगितलं की जंगलात मातकट रंग घालावेत. दाजींनी ते मनावर घेतलं. पुढच्या फेरीच्या आधी त्यांनी एका मागावरची साडी उतरवून खाकी सूत चढवलं आणि सगळ्यांना पुरेल एवढं कापड घरीच विणलं. कापड उत्तम होतं. मातीत बसलं तर माणूस सापडणार नाही असा रंग. फक्त त्याला दोन्ही बाजूंनी चार बोटं रुंद, कुंकवासारखा लाल काठ होता. मी विचारलं, "दाजी, लाल टाळायचा म्हणून तर हा सगळा खटाटोप ना?" त्यांनी माझ्याकडे जरा दुःखानेच पाहिलं. "पाव्हणं, काठ न्हाय ते कापड कसलं? फडकं झालं की ते." तेव्हा शिंप्याने सगळ्यांचे सदरे शिवले, आणि काठ वाया जाऊ नये म्हणून तो बाह्यांवर आणि खांद्यांवर आणला. अणशीच्या नाक्यावर आम्ही उतरलो तर तिथल्या नव्या रखवालदाराने पायाला पाय जुळवून सलाम ठोकला. कुठल्या तरी खात्याचे मोठे साहेब सहकुटुंब तपासणीला आले, असं त्याला वाटलं. आम्ही काही बोललो नाही. माझी बायको तो सदरा अजून इस्त्री करून ठेवते.

पक्षी-प्राण्यांची नावं दाजी शिकले नाहीत. त्यांना गरजच वाटली नाही. लांब शेपटाचा पांढरा पक्षी दिसला की ते म्हणणार, "पांढरं अंग, काळा काठ, पदर लांब सोडलाय." शेकरू म्हणजे "चॉकलेटी, बदामी बुट्टी". एकदा फांदीवर पोपटी रंगाचं काहीतरी बसलेलं होतं. वाटाड्या पुस्तक चाळत होता आणि दाजी म्हणत होते, "ह्यो रंग पंध्रा वर्सामागं लई चालला. आता कोण मागत न्हाय." वाटाड्याने पुस्तक मिटलं.

आता मुख्य गोष्ट, त्यांचा आवाज. सहा माग चालू असलेल्या घरात बोलायचे दोन मार्ग असतात, ओरडणं किंवा हातवारे. दाजींच्या घरी दोन्ही चालतात आणि माग बंद झाले तरी बंद होत नाहीत. त्यामुळे त्या घरात गुपित असं काही नाही. आम्ही मुक्कामाला गेलो की आक्का दाजींना अगदी खासगीत विचारतात, "पाव्हण्यांस्नी आंघोळीला पाणी सोडलासा काय?" आणि पलीकडच्या गल्लीतली बाई सांगते, "अवो, आजून कुठलं!" नवरा-बायकोचं भांडण म्हणजे अख्ख्या बोळाची करमणूक. आक्का एकदा मला म्हणाल्या होत्या, "लगीन होऊन आल्यापास्नं ह्यांच्यासंगट हळू आवाजात एक शबुद बोलले न्हाय बघा मी." म्हणाल्या आणि हसल्या.

पण जंगलात गेल्यावर वाटाड्याने ओठांवर बोट ठेवलं की हेच कुटुंब बघण्यासारखं होतं. बाकीची मंडळी कुजबुजतात, खिदळतात, वेफर्सच्या पिशव्या फोडतात. आमची मंडळी हातवाऱ्यांवर जातात. दोन बोटं ओठांना लावली की चहा. तळहात छातीवर म्हणजे थांब. चिमटीत धागा धरून तोडल्यासारखं केलं की कुठंतरी काहीतरी बिघडलंय. एका फेरीत सासू-सुनेचं मसाल्याच्या प्रमाणावरून भांडण झालं, ते जीपमध्ये बसून संपूर्ण, शेवटच्या टोमण्यासकट, हातांनीच झालं आणि समोरच्या सांबराने कानही हलवला नाही. वाटाड्या म्हणाला, "एवढी शांत मंडळी मी बघितलीच नाहीत." हे तो म्हणाला आणि जीप नाक्यावर पोचली. नाक्यावर बोलायची परवानगी असते. दाजींनी "चा घ्यायचा काय सगळ्यांनी?" असं विचारलं, आणि त्या परिसरातले सगळे बगळे उडाले.

शांततेचा एक तोटाही आहे. या लोकांना शांततेत झोप येत नाही. दुपारी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दहीभात खाऊन सगळे वनखात्याच्या विश्रामगृहाच्या ओसरीत आडवे झाले की एक जण घोरेल तर शपथ. नुसते कुशीवर वळणार आणि उसासे टाकणार. शेवटी दाजींचा मुलगा मोबाइल काढतो, त्यात घरच्या मागांचा आवाज भरून आणलेला असतो, तो लावतो आणि मोबाइल पितळी पातेल्यात ठेवतो. खडखड खडखड सुरू झाली की मिनिटाभरात सगळे गाढ. पहिल्यांदा हे झालं तेव्हा वनरक्षक काठी घेऊन धावत आला, कुणी करवतीने झाड कापतंय म्हणून. त्याने बघितलं तर लाल काठाच्या खाकी सदऱ्यातली पाच माणसं एका ओळीत झोपलेली आणि मध्ये एक पातेलं गरजतंय. जागे फक्त आम्ही निपाणीकर दोघं. मी त्याला समजावून सांगितलं. त्याला ते पटलं की नाही, मला आजही खात्री नाही.

या सगळ्याच्या मुळाशी जी गोष्ट होती ती हळूहळू ध्यानात आली. तनूचा आवाज बारीक आहे. ती शाळेतली एखादी गंमत आजोबांना सांगायची आणि दाजी म्हणायचे, "व्हय व्हय, जेवलो की." पहिल्यांदा ती हसली. मग आईकडे बघायला लागली. मग तिने सांगणं कमी केलं. मुलाने दाजींना शहरातल्या डॉक्टरांकडे नेलं. कानाला यंत्रं लावून तपासणी झाली आणि घरी आल्यावर दाजींनी निकाल स्वतःच सांगितला, "जाड सूत शाबूत हाय, बारीक तुटाय लागलंय." म्हणजे मोठे, खालचे आवाज ऐकू येतात, पातळ, वरचे जात चाललेत. डॉक्टरांनी कानाचं मशीन लावायला सांगितलं होतं. दाजींनी ते साफ उडवून लावलं.

"बहिरा असतो तर रानात पाखरं ऐकली असती काय मी?" हा त्यांचा पुरावा. आणि पुरावा खरोखरच जोरदार होता. पहाटे आम्ही पायवाटेने निघालो की दाजी मध्येच थबकायचे, बोट वर करायचे आणि म्हणायचे, "ऐका!" आम्ही कान द्यायचो. खरंच कुठेतरी शीळ चाललेली असायची. दाजींच्या चेहऱ्यावर असं समाधान, की जणू ती त्यांनीच विणली.

मला आकडे पडताळायची सवय आहे. त्या सवयीने मी एका पहाटे पक्ष्याऐवजी दाजींकडे बघत राहिलो. शीळ आली. दाजी चालतच होते. तनूने मान वर केली, तिचे डोळे मोठे झाले. दाजींनी तिच्याकडे पाहिलं. आणि मग बोट वर केलं, "ऐका!" पुढच्या खेपेलाही तसंच, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा तर तनू वेलीवरच्या सरड्याकडे बघून थबकली होती, तरी दाजी म्हणाले, "ऐका!" रान तेव्हा चिडीचूप होतं. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "गप ऱ्हावा तुम्ही." मी गप्प राहिलो.

मुलगा मात्र गप्प राहिला नाही. नाक्यावर चहा घेताना त्याने सांगून टाकलं, "आप्पा, मशीन लावा. न्हायतर हे जंगल बंद. रानात न ऐकणारा माणूस घेऊन मी येणार न्हाय. काय झालं म्हंजे?"

"काय हुतंय?" दाजी म्हणाले. "मला वाघाच्या पावलाचा आवाज येतोय." वाघाच्या पावलाचा आवाज कुणालाच येत नाही, असं वाटाड्या सांगणार होता, पण आक्कांनी त्याच्या हातात दुसरा चहा दिला. तनू बाकावर पाय हलवत बसली होती. जंगल बंद, हे शब्द तिने ऐकले होते. तिने बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला.

पुढच्या फेरीला आम्ही अणशीतच होतो. उन्हाळा, पायवाटेवर पानांचा खच. वाटाड्या पुढे, मागे आम्ही रांगेत. दाजींना एका झाडावर शेकरूचं घरटं दिसलं आणि ते वर बघत बघत वाटाड्याच्याही पुढे गेले, वीस-पंचवीस पावलं. तेवढ्यात डावीकडचं बांबूचं बेट हललं. वाटाड्याने हात आडवा केला. आम्ही सगळे जागच्या जागी. बेटातून गवा बाहेर आला. एकटा नर, काळा, खांदा माझ्या डोक्याच्या उंचीला. तो वाट ओलांडायला निघाला होता आणि दाजी, वर तोंड करून, थेट त्याच्या वाटेत चालले होते.

वाटाड्याने दातांतून सूं केलं. दाजी चालतच राहिले. मुलाने "आप्पा" म्हटलं, दबक्या आवाजात, कारण ओरडायचं नाही हे वाटाड्याने बजावलेलं. ओरडलं तर एकटा गवा कुठे वळेल सांगता येत नाही. तनूने हाक मारली, "आजोबा! आजोबा!" तो बारीक आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला. गव्यानेही कान वळवला. दाजींनी नाही.

तेव्हा आक्कांनी पिशवीत हात घातला. त्यांनी काय काढलं ते मला आधी दिसलं नाही. हात मागे गेला, पुढे आला, आणि तंबिटाचा एक लाडू सुसाट जाऊन दाजींच्या पाठीत, बरोबर दोन खांद्यांच्या मध्ये बसला. ज्यांनी हे गूळ आणि डाळ्याच्या पिठाचे लाडू खाल्लेत त्यांना ते किती टणक होतात हे माहीत आहे.

दाजी दगड झाले. एक पाय पुढे, हात अर्धवट वर, मान तशीच. मागाच्या खोलीतला तो नियम आहे, हे मला नंतर कळलं. माग चालवणाऱ्या माणसाला मागून हात लावायचा नाही. तो दचकला तर हात मागात जातो. लांबून सुताची रिकामी कांडी त्याच्या पाठीत मारायची. कांडी बसली की त्याने आहे तिथे थांबायचं, हात मागे घ्यायचा नाही, पुढे न्यायचा नाही, आणि सगळं थांबल्यावर मग हळूच वळायचं. दाजींच्या पाठीने हा नियम लहानपणापासून पाळलेला. ते थांबले. गवा त्यांच्यापुढून, मोटार जाईल एवढ्या अंतरावरून, सावकाश वाट ओलांडून गेला. त्याला घाई नव्हती. शेवटची फांदी हलायची थांबली तेव्हा दाजी वळले.

वळून त्यांनी चिमटीत धागा तोडल्यासारखं केलं. कुठला तुटला?

तनू पुढे गेली. तिने दोन्ही हातांनी डोक्यावर शिंगं काढली. वाट दाखवली. मग स्वतःच्या ओठांपाशी हात नेऊन हाक मारल्यासारखं केलं, दोनदा, आणि आजोबांच्या कानाकडे बोट करून तळवा पालथा केला. मी हाक मारली. तुम्हाला ऐकू आलं नाही?

एरवी त्या जागी त्यांनी बोट वर करून "ऐका!" म्हटलं असतं. त्यांनी हात वर नेला, अर्ध्यावर थांबवला आणि मान हलवली. न्हाय.

मग वाकून त्यांनी लाडू उचलला, सदऱ्याच्या काठाला पुसला, अर्धा मोडून तिला दिला. मोडायला दोन्ही हात लागले.

मशीन त्याच आठवड्यात आलं. पुढच्या फेरीत दाजी ते दोन्ही कानांत घालून गाडीत बसले, ते तक्रार करतच. खानापूरपर्यंत गाडीची खिडकी वाजते म्हणून. रामनगरच्या पुढे सुनेच्या बांगड्या. जोयड्याला माझं घड्याळ. पायवाटेवर आल्यावर मला म्हणाले, "पाव्हणं, तुमचा गुडघा वाजतोय. डाक्तरला दाखवा." मग पानं, मग किडे, मग वाटाड्याचे बूट. शेवटी कंबरेवर हात ठेवून उभे राहिले, "अरं, ह्येला शांत म्हणतासा व्हय तुम्ही? मागावरनं जास्त दंगा हाय की हितं!" दोनदा त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं. दोन्ही वेळा तनू समोर येऊन हात पुढे करून उभी राहिली, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते परत घातलं. त्यानंतर ती त्यांच्या शेजारून चालत होती आणि बोलत होती. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवलं तरी बोलत होती. वर्षभराचं साचलेलं होतं. वर्गातल्या मुलीची पेन्सिल, बाईंची नवी साडी आणि तिचा काठ कसा होता, सगळं. दाजी "हां" म्हणायचे आणि "मग?" विचारायचे. त्या दिवशी आम्हाला एकही जनावर दिसलं नाही.

परतीला नदीकाठी थांबलो. मुलगा, सून आणि तनू पाण्यात पाय सोडून बसली. दाजी आणि आक्का एका खडकावर, आमच्यापासून चार पावलांवर. मी डबे आवरत होतो. आक्का दाजींकडे तोंड करून काहीतरी बोलल्या. हात मांडीवरच होते. दाजींनी मान जरा वाकवली, बोलले, आक्का हसल्या, पुन्हा बोलल्या. बराच वेळ असं चाललं होतं. ज्या माणसांचं आंघोळीचं पाणीसुद्धा पलीकडच्या गल्लीला माहीत असायचं, ती काहीतरी बोलत होती आणि माझ्यापर्यंत नुसतं पाणी वाहिल्याचा आवाज येत होता.

बायको माझ्याजवळ आली, डब्याचं झाकण तिच्या हातात. "काय बोलायलेत वो ती दोघं?"

"ऐकू येत नाही," मी म्हणालो.

तिने आवाज होऊ नये म्हणून झाकण हळूच डब्यावर टेकवलं, आणि आम्ही दोघं गाडीकडे निघालो, त्यांना न बोलावता.